कोपरीतला गिरणीवरचा एफईचा (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा) क्लास, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी क्लास सापडायचा कसा ते सांगतो कारण त्याला नावच नाहीये. ठाणे पूर्वेला बाहेर पडा, कोपरीत गिरणीवरचा क्लास म्हणून विचारा, खाली पिठाची गिरणी, अरुंद जिना आणि वर दारावर खडूने 'एफई – एम१, मेकॅनिक्स, ड्रॉइंग' एवढंच लिहिलंय (एम१ म्हणजे पहिल्या सेमचं गणित).

माझा धाकटा शहापूरकडच्या आश्रमशाळेत शिकलेला, आम्ही महादेव कोळी. सीईटी देऊन कॅपच्या (सरकारी प्रवेशप्रक्रियेच्या) दुसऱ्या राउंडला एसटीच्या सीटवर मेकॅनिकलला लागला (जात पडताळणीच्या व्हॅलिडिटीसाठी किती चकरा मारल्या तो वेगळाच विषय). घरी पेढे वाटले आणि माझ्या पोटात मात्र गोळा, कारण मी त्याच वाटेने जाऊन आलोय, एम१ला तीनदा केटी, म्हणजे विषय सुटलाच नाही, शेवटी डिग्री सोडून रबाळे एमआयडीसीत कामाला लागलो. माझ्या वेळी पहिल्याच आठवड्यात एका मास्तरांनी एकेकाला उभं करून सीईटीचे मार्क विचारले होते, माझे ऐकून मागून कोणीतरी 'कोटा' म्हणालं, वर्ग हसला, त्यानंतर मी डाउट विचारायला कधी हात वर केला नाही. एसटीला ७ टक्के, एससीला १३ टक्के सीट आहेत हे सगळ्यांना पाठ असतं, पण सीट मिळाल्यावर पोरगं आत टिकणार कसं ते कोण बघतंय? आयआयटीत एससी-एसटीच्या पोरांसाठी वर्षभराचा प्रिपरेटरी कोर्स तरी असतो, आमच्या कॉलेजात तसलं काहीच नव्हतं.

इथे फॉर्मवर नाव, ब्रँच आणि परतीची लोकल किती वाजताची एवढंच विचारतात, परसेंटाइल नाही, कॅटेगरी नाही. आयआयटी बॉम्बेने २०२३ मध्ये गाइडलाइन काढली होती की एकमेकांना जेईई रँक विचारू नका, त्यावरून जात काढली जाते म्हणून. इथे तशी पाटी नाही पण कोणी विचारतही नाही.

चौघांचा ग्रुप असतो आणि तो सर पाडतात. धाकट्याच्या ग्रुपमध्ये मुंब्र्याची उर्दू मीडियमची मुलगी, वागळेचा हिंदी मीडियमवाला आणि घोडबंदरचा एक आयसीएसईवाला. एका फळ्यावर एक गणित, चौघांनी मिळून सोडवायचं आणि गणितं युनिव्हर्सिटी पेपरपेक्षा अवघड. दुसऱ्या महिन्यात मी भांडायलाच गेलो, म्हटलं सर याला डिमॉयव्हरचं सूत्र धड येत नाही आणि तुम्ही हे काय देताय. सरांनी चहा मागवला आणि अमेरिकेतल्या बर्कले युनिव्हर्सिटीची गोष्ट सांगितली. तिथे १९७० च्या दशकात युरी ट्रीझमन नावाचा माणूस शोधत होता की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय पोरं मागे का पडताहेत, लोकांना वाटायचं मेहनत कमी असेल, तर मेहनत भरपूर होती पण जो तो एकटा बसायचा, आणि चिनी वंशाची पोरं एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढायची. मग त्याने कच्च्यांचे जादा तास वगैरे काढलेच नाहीत, उलट आणखी अवघड गणितं देऊन सगळ्यांना एकत्र बसवलं आणि रिझल्ट सुधारले. मी गप्प, कारण मी पण हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री दोन-दोनपर्यंत एकटाच बसायचो.

ड्रॉइंग तर एक नंबर. दिवे बंद, खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर वीट, समोरून टॉर्च मारला की मागच्या भिंतीवर सावली पडते तो फ्रंट व्ह्यू, वरून मारला की जमिनीवर पडते तो टॉप व्ह्यू, आता जमीन बिजागरीसारखी खाली फिरवा, म्हणून फर्स्ट अँगलमध्ये (व्ह्यू कागदावर मांडायची एक पद्धत) टॉप व्ह्यू खाली येतो. मी वर्षभर ते पाठ केलं होतं, कळलं त्या दिवशी.

आता अर्धा स्टार. ड्रॉइंग रोज शेवटी असतं, आठ ते नऊ, आणि मुंब्र्याच्या मुलीला आठला निघावं लागतं, म्हणजे जे सगळ्यात भारी आहे तेच तिच्या हाती लागत नाही. सरांना दोनदा बोललो, शनिवारी दुपारी ठेवा म्हणून, बघू म्हणाले. सगळ्यांसाठी क्लास म्हणायचं तर वेळ पण सगळ्यांची बघा ना. व्हायवाची (तोंडी परीक्षेची) इंग्लिशमध्ये तयारी पण फार थोडी घेतात, समजावतात मराठी-हिंदीत पण बाहेरून येणारे एक्सटर्नल परीक्षक थोडीच मराठीत विचारणारे. गिरणी चालू असली की ओरडून बोलावं लागतं ते चालतंय.

फी महिना ९००, महाडीबीटीचे (सरकारी स्कॉलरशिपचे) पैसे उशिरा आले तर थांबतात, आमचे अजून दोन महिन्यांचे बाकी आहेत, एकदाही फोन आला नाही. सेम वनचा रिझल्ट लागायचाय, त्यामुळे पास-नापास मला विचारू नका, पण परवा धाकटा फोनवर त्या आयसीएसईवाल्याला पार्शल डेरिव्हेटिव्ह समजावत होता, एवढं मी कानाने ऐकलंय.

आणि ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेषा मारायचं साधन) विकत घेऊ नका, कपाटात सीनियर लोकांचे जुने ठेवलेत, डिपॉझिट न घेता देतात. माझा इतकी वर्षं माळ्यावर पडलेला होता तो पण तिथेच देऊन आलोय, निळ्या पट्टीचा, त्याचा एक स्क्रू ढिला आहे तेवढा आवळून घ्या.