यूएसएस ह्यूस्टनचं '1942'चं पाकीट विकत घेताय?

अमेरिकन नौदलाची सेन्सॉर झालेली युद्धकाळातली टपालाची पाकिटं जमवणाऱ्यांनो, यूएसएस ह्यूस्टनचं फेब्रुवारी 1942 चं पाकीट कुणी दाखवलं तर आधी तिकिटाच्या जागी काय आहे ते बघा. तिथे हाताने 'फ्री' लिहिलं असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. माझे साडेनऊ हजार गेले.

ह्यूस्टन ही क्रूझर (युद्धनौका) 1 मार्च 1942 ला मध्यरात्रीनंतर जावा आणि सुमात्रामधल्या सुंदा सामुद्रधुनीत बुडाली. हजाराच्या वर खलाशांपैकी 368 वाचले, तेही जपान्यांच्या कैदेत गेले. त्यामुळे तिच्या शेवटच्या आठवड्यांतल्या टपालाला भाव. युद्ध पेटल्यावर नौदलाने टपालाच्या शिक्क्यातून जहाजाचं नाव काढलं, म्हणून जहाज ओळखायचं ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून. बाजूला सेन्सॉरचा गोल शिक्का आणि त्यात पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं. (आपण बायकोला काय लिहिलंय ते आपल्याच साहेबाने वाचायचं, कल्पना करा!)

माझ्या पाकिटावर हे सगळं होतं, आणि सगळं अस्सल होतं. गोम अशी की अमेरिकन सैनिकांना बिनतिकिटी पत्राची सवलत मिळाली 1 एप्रिल 1942 पासून. म्हणजे जहाज समुद्राच्या तळाशी गेल्यावर महिन्याने.

मग पाकीट आलं कुठून? बुडालेल्या जहाजाचं नाव नौदलाने दुसऱ्या क्रूझरला दिलं, ती डिसेंबर 1943 मध्ये सेवेत आली. तिची पाकिटं किरकोळ भावात मिळतात. भिंगाखाली धरलं तर टपालाच्या शिक्क्यातल्या सालाचा शेवटचा आकडा खरवडलेला दिसला: कागदाचे तंतू उभे राहिलेले, वरून काळ्या शाईने 4 चा 2 केलेला. बाकी कशालाच हात लावलेला नाही, म्हणून तर नजर फसते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "वर्णनात मी फक्त ह्यूस्टन लिहिलंय. 1942 तुम्ही वाचलंत." खरंच, साल त्याने कुठेही लिहिलेलं नव्हतं, ते खोटं बोलायला शिक्का ठेवला होता. विक्रीच्या साइटबाहेर पैसे दिले तर दहा टक्के सूट, हा आग्रहही त्याचाच. त्यामुळे साइटवाल्यांनी हात वर केले.

परवा त्याच्याकडे ह्यूस्टनची आणखी दोन पाकिटं विक्रीला लागली आहेत. दोन्हींवर 'फ्री' आहे, आणि फोटोत सालाचा शेवटचा आकडा जरा जास्तच काळा दिसतोय.