भोसरीचं लेझर क्लॅडिंग: काम चोख, तारखा सोडून

★★★★☆

पशुखाद्याच्या एक्स्ट्रूडरचे (स्क्रूने माल दाबून बाहेर काढणाऱ्या मशीनचे) स्क्रू आमच्या वर्कशॉपला दुरुस्तीला येतात. मक्यासोबत आलेली रेती फ्लाइटच्या, म्हणजे स्क्रूच्या पीळदार पात्याच्या, कडा खाऊन टाकते. आर्क वेल्डिंगने थर चढवला की लांब स्क्रू वाकतो, म्हणून लेझर क्लॅडिंग, म्हणजे लेझरने पावडर वितळवून थर चढवणं. निकेलच्या पावडरीत टंगस्टन कार्बाइडचे गोल दाणे मिसळून थर देतात.

आधी जिथे द्यायचो (नाव घेत नाही), तिथे हार्डनेसचा आकडा फर्स्ट क्लास यायचा आणि प्लँटवर टवके उडायचे. का, ते इथे भोसरीत कळलं. उष्णता जास्त झाली की दाण्याची कड निकेलमध्ये विरघळते. मग गार होताना त्याच टंगस्टन-कार्बनमधून नव्या कार्बाइडचे स्फटिक वाढतात, पावडरीतल्या क्रोमियमलाही सोबत ओढून. कुठे ठोकळे, कुठे सुया. त्याने मधलं निकेल कडक होतं, आकडा चढतो, पण ठिसूळपणाही तेवढाच वाढतो. साबुदाण्याची खिचडी आठवा, दाणा सुटा दिसला तरच जमली.

इथे मी टेस्ट पीस मागितला तर मशीनवरच्या मुलाने कापून, पॉलिश करून, कार्बाइड उठून दिसावं म्हणून मुराकामीच्या द्रावणात बुडवून सरळ मायक्रोस्कोपखाली लावला. "मॅडम, कड बघा." बहुतेक दाणे गोल, भोवती जेमतेम करडी किनार. पण दोन पास एकमेकांवर चढतात त्या पट्ट्यात दाण्यांतून सुया फुटलेल्या. तिथे दुसऱ्यांदा ताप बसतो ना! ते त्या मुलाने आपणहून दाखवलं, पॉवर उतरवली आणि नवा पीस काढला. मालकाला न विचारता, हे विशेष.

थरही एका दमात जाड देत नाहीत. कार्बाइडची घनता 15 च्या वर, निकेल मिश्रधातूची 8 च्या आसपास. थर जाड असला की वितळलेल्या धातूत दाणे तळाला बसतात आणि घासणारा वरचा भाग उघडा पडतो. स्क्रू आधी 300 अंशांच्या आसपास तापवून घेतात (प्रीहीट), तरी बारीक चिरा पडू शकतात हे आधीच सांगतात. डीपी टेस्टचे (रंगीत द्रव लावून चिरा शोधायच्या चाचणीचे) फोटो व्हॉट्सॲपवर आले.

एक स्टार कापला तो तारखांसाठी. "उद्या नक्की" म्हणजे पुढचा आठवडा धरा. फोन उचलतात, एवढंच. ग्राइंडिंगही बाहेरून करून घ्यावं लागतं, डायमंड व्हीलशिवाय हा थर हलत नाही, तो खर्च कोटेशनमध्ये नसतो. आणि गुरुवारी जाऊ नका, सुट्टी असते.