धार लावायचा पहिला सेट घेताय? दगडावरचा नंबर आधी तपासा

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका खानावळीने सुऱ्यांना धार लावायचा सेट ऑनलाइन मागवला. जाहिरात अशी: छापील किंमत 7,999, आज फक्त 1,899, 120 पासून 10000 नंबरपर्यंत दहा दगड, सुरी पकडायचा चिमटा, कोन ठरवणारा दांडा, 'हिऱ्याची' पट्टी आणि वर चामड्याची पट्टी फुकट. पैसे पार्सल हातात आल्यावर. पार्सल आलं, पैसे गेले, आणि आठवडाभर घासूनही सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरतच राहिली. मालकांना वाटलं, आपल्याच हाताला वळण नाही. विक्रेत्याला नेमकं हेच हवं असतं. नवखा माणूस खापर स्वतःवर फोडतो, तोवर माल परत करायची मुदत उलटून जाते.

सेट उघडून नीट पाहिल्यावर जे दिसलं ते असं. दगड पाण्यात दहा मिनिटं ठेवले तर तिघांवरचे नंबर अंगठ्याने पुसले गेले. 3000, 6000 आणि 10000 हे तीन दगड रंगाने वेगळे, पण दहापट भिंगाखाली तिघांचे ओरखडे एकसारखे, तेही चांगलेच भरड. 'चामड्याच्या' पट्टीची कड उसवल्यावर आत विणलेलं कापड निघालं, म्हणजे साधं रेक्झिन. खऱ्या चामड्याच्या कापलेल्या कडेला तंतू दिसतात, विणकाम कधीच दिसत नाही. हिऱ्याच्या पट्टीवरची चमक दोन सुऱ्यांतच उडाली आणि खालचा पत्रा उघडा पडला.

सगळ्यात मोठी लबाडी नंबरात असते, आणि ती समजायला थोडा हिशेब लागतो. नंबर म्हणजे दगडातल्या कणांचा बारीकपणा. पण 'हजार नंबर' हे एकच माप नाही. जपानी मापात 1000 नंबरचा कण साधारण 11.5 मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). युरोपी 'फेपा' मापात कागदासाठीची 'पी' रांग वेगळी, दगड-चाकांसाठीची 'एफ' रांग वेगळी: पी 1000 म्हणजे सुमारे 18 मायक्रॉन, तर एफ 1000 म्हणजे जेमतेम 4.5. तिन्ही ठिकाणी आकडा तोच, कणात मात्र चौपट फरक. त्यामुळे कोणत्या मापाचा नंबर हे जो सांगत नाही, त्याचा आकडा खोटा ठरवणंही कठीण जातं. जपानी मापात 3000 म्हणजे 4 मायक्रॉन, 8000 म्हणजे 1.2. इतका बारीक आणि एकसारखा कण निवडून, बांधून, भाजून दगड करायला खर्च येतो. दीड-दोन हजारांच्या सेटमध्ये दहावा दगड म्हणून तो फुकटात पडत नाही.

हे घरी तपासता येतं. गाड्यांच्या रंगकामाला लागणारा वॉटर पेपर हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. 2000 चा एक घ्या, मागे 'पी' छापलेला बघून. टाकाऊ सुरीच्या पात्याचा सपाट भाग घ्या, मध्ये चिकटपट्टी लावून दोन भाग करा. एकीकडे ओला 2000 चा कागद वीस वेळा फिरवा, दुसरीकडे '3000' चा दगड तितक्याच दाबाने, त्याच दिशेने. पी 2000 चा कण साधारण 10 मायक्रॉनचा, म्हणजे जपानी हजार-बाराशेच्या आसपास. खरा 3000 चा दगड त्याहून स्पष्ट बारीक चमक देणार. दगडाकडची बाजू जास्त खरबरीत दिसली, तर तो 3000 नाही, बोलणंच खुंटलं. पार्सल आल्याच्या दिवशीच ही तपासणी उरकून घ्या.

आता दांड्याच्या सेटबद्दल, म्हणजे दगड दांड्याला लावून ठरलेल्या कोनात फिरवायचा, त्याबद्दल. ही रचना मुळात वाईट नाही. अमेरिकेतल्या एज प्रो या सेटची तीच कल्पना आहे, आणि चांगल्या बनावटीत ती नवख्याला कोन धरून देते. पण स्वस्त नकलेत तीन ठिकाणी घोळ होतो. एक, दगडांची जाडी. खानावळीच्या सेटमध्ये 320 चा दगड 1500 च्या दगडापेक्षा जवळपास 3 मिलिमीटर जाड होता. दांड्याच्या टेकूपासून धार 20 सेंटीमीटरवर असेल तर 3 मिलिमीटरने कोन जवळजवळ एक अंशाने हलतो. मग पुढचा दगड आधीच्यापेक्षा जाड असेल तर तो धारेच्या टोकाला टेकतच नाही, मागच्या खांद्यावरच (धारेचा उतार सुरू होतो तिथेच) घासत राहतो. खांदा आरशासारखा चकाकतो आणि धार होती तशीच बोथट! दोन, दांडा. तो काचेवर लोळवून बघा. लोळताना उचकत असेल तर वाकडा आहे. तीन, चिमटा. पातं पकडून टोकाला बोट लावा. एक-दीड मिलिमीटर जरी हललं तरी प्रत्येक घासणीला कोन वेगळा. शिवाय विळी या चिमट्यात बसतच नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत विळीच चालते, पण जाहिरातीत ही गोष्ट कुणी लिहीत नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर हिंडताना धारेच्या प्रात्यक्षिकांपाशी थांबलात तर दोन करामती ओळखा. पहिली: 'अण्णा, दोनदा ओढा, वस्तरा होतो बघा' म्हणत इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेतून सुरी ओढून कागद कापून दाखवणं. त्या खाचेत कार्बाइडची दोन पाती असतात. ती धार लावत नाहीत, पातं खरवडून काढतात. खरवडलेली कड दातेरी होते, म्हणून टोमॅटो आणि ताणून धरलेला वर्तमानपत्राचा कागद लगेच कापते. ती दातेरी कड दोन-चार दिवसांच्या कांद्यात मोडून पडते, की पुन्हा ओढा. वर्षभरात पातं पोटाशी खचतं आणि धारेचा मधला भाग पाटावर टेकेनासा होतो. प्रात्यक्षिकाआधी सुरी दगडावर आपटून 'बोथट' केलेली दाखवतात, तेव्हा ती कुठे आपटली तेही बघा. बहुधा जेमतेम एक इंच जागा बोथट असते, आणि कागद कापतात दुसऱ्याच भागाने.

दुसरी करामत काचेवर ओरखडा काढून 'बघा, अस्सल हिरा' म्हणण्याची. काच फार कठीण नसतेच. हार्डवेअरच्या दुकानातला काळा कार्बोरंडमचा दगडही काचेवर ओरखडा काढतो, पांढरा अॅल्युमिनाही काढतो. त्यावरून हिरा आहे हे सिद्ध होत नाही. हिऱ्याची पट्टी तपासायची ती सपाटीवरून आणि लेपावरून. स्टीलची मोजपट्टी तिच्यावर उभी धरून उजेडाकडे बघा, मधून फट दिसली तर हिऱ्याची पट्टी वाकडी. नवी हिऱ्याची पट्टी सुरुवातीला जास्त खरखरते आणि पहिल्या काही सुऱ्यांनंतर मऊ पडते, ते ठीक. पण लेपाचे तुकडे पाण्यात सुटायला लागले तर माल भंगार.

मग पहिल्यांदा घ्यायचं काय? आमच्या मते दांड्याचा सेट सोडाच. एक जाड, 1000 नंबरचा दगड, किंवा एका बाजूने 400 आणि दुसऱ्या बाजूने 1000 असा जोडदगड, एवढंच पुरे. साधारण 18 सेंटीमीटर लांब आणि 5 ते 6 सेंटीमीटर रुंद असावा. सेटमधल्या बोटभर रुंदीच्या पट्ट्यांवर नवख्याचा हात डगमगतो. 3000 च्या वरचा दगड सहा महिने तरी घेऊ नका. घरच्या भाजीला 1000 ची धार भरपूर होते, उलट टोमॅटोला ती जास्त बरी. कार्बोरंडमचा जोडदगड काही शे रुपयांत मिळतो, पण त्याची बारीक बाजूही बहुधा 240-320 च्या घरातली. विळी-कोयत्याला उत्तम, पातळ सुरीच्या शेवटच्या हाताला नाही.

दगड ओला करायची पद्धत दगडावर अवलंबून. शोषणारा दगड बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवायचा. ज्यावर नुसता शिडकावा पुरतो, त्याला भिजवत ठेवू नका. कोन धरायला महागडं यंत्र नको. पातं 4 सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण 10 मिलिमीटर उचलली की 15 अंश होतात, 14 मिलिमीटरला 20 अंश. नेहमीच्या स्टीलच्या सुरीला 20 च्या आसपासच राहा. धारेच्या कडेला मार्करने काळी रेघ ओढा आणि चार घासण्या मारून बघा. शाई टोकापर्यंत गेली तर कोन बरोबर, टोकाशी राहिली तर पाठ थोडी उचला, फक्त टोकाची गेली तर पाठ फार उचललीय, खाली आणा.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बर येईपर्यंत. फिटर मंडळी ज्याला बर म्हणतात तीच ही, कडेवर वळून उभी राहिलेली धातूची बारीक किनार. अंगठा पाठीकडून धारेकडे, पात्याच्या आडवा सरकवा (धारेच्या लांबीवरून कधीच नाही). नखाला अडकल्यासारखं होईल. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे ती लागली पाहिजे. बर आली नसेल तर दुसरी बाजू धरू नका, नंबर बदलू नका. खानावळीत नेमकी इथेच गडबड होत होती: दहा दगड आहेत म्हणून प्रत्येकावर वीस-वीस घासण्या, आणि बर एकावरही नाही. 400 वर बर आली की बाजू बदला, मग 1000 वर तेच, आणि शेवटी दाब कमी करत एकेक बाजू आलटूनपालटून, नुसत्या सुरीच्या वजनाने. बर उरली की सुरी त्या दिवशी कागद कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट लागते.

दगड मध्ये खचतो, ते दोष नाही. दर तीन-चार सुऱ्यांनंतर पेन्सिलने चौकटी आखा, जाड काचेवर 220 चा वॉटर पेपर ओला चिकटवून दगड त्यावर फिरवा. रेघा गेल्या की सपाट.

फसलाच असाल तर पार्सल उघडतानाचं एकसंध चित्रीकरण हाताशी हवं, आणि दगडांच्या जाडीचे मोजपट्टीसकट फोटो. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि छापील किंमत हवी. नसेल तर तोही तक्रारीचा मुद्दा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. जाहिरातीची लिंकच बनावट निघाली आणि पैसे आधीच गेले असतील तर लगेच 1930. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि 2019 च्या कायद्याने तक्रार आपण राहतो तिथेच, म्हणजे सोलापुरातच करता येते. विक्रेता दिल्लीचा की सुरतेचा, फरक पडत नाही. फक्त कुरिअरची चिठ्ठी फाडून टाकू नका. विक्रेत्याचा पत्ता बऱ्याचदा तिच्यावरच असतो.