पोटोमॅकच्या अलीकडे की पलीकडे : मुलांच्या कॉलेजच्या दृष्टीने माँटगोमेरी आणि फेअरफॅक्स काउंट्यांची तुलना

माझा पुतण्या टेक्सासमधून बदली होऊन वॉशिंग्टनच्या परिसरात येत आहे. थोरला मुलगा पंधरा वर्षांचा, धाकटी आठ वर्षांची. कचेरी व्हर्जिनियात रेस्टनला असली तरी आठवड्यातून दोनच दिवस जायचे आहे, त्यामुळे घर पोटोमॅक नदीच्या कोणत्याही तीरावर घेता येईल. फोनवर त्याने विचारले, "काका, माँटगोमेरी घ्यावी की फेअरफॅक्स?" शाळांचे गुणांकन आणि घरांच्या किमती त्याने आधीच तक्त्यात मांडल्या होत्या. त्या तक्त्यात कॉलेजचा रकानाच नव्हता, कारण कॉलेज ही राज्याची बाब, काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, तिच्याशी काय संबंध, अशी त्याची समजूत होती. आपल्याकडे जिल्हा परिषद प्राथमिक शाळा चालवते, कॉलेज चालवत नाही, त्यामुळे ही समजूत स्वाभाविक आहे. नदीच्या एका तीरावर ती चुकीची ठरते आणि दुसऱ्या तीरावर बऱ्याच अंशी बरोबर ठरते. माझ्या मते या दोन काउंट्यांमधला सर्वांत महत्त्वाचा फरक हाच आहे.

आकाराने दोघी तुल्यबळ आहेत. २०२० च्या जनगणनेत मेरीलँडमधील माँटगोमेरीची लोकसंख्या सुमारे १० लाख ६२ हजार आणि व्हर्जिनियातील फेअरफॅक्सची सुमारे ११ लाख ५० हजार होती. दोन्ही सधन, दोन्हींकडे भारतीय कुटुंबे भरपूर, आणि दोन्हींकडे नामांकित कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणारे सरकारी कॉलेज, आहे. निराळी आहे ती सत्तेची रचना.

माँटगोमेरी कॉलेज १९४६ साली बेथेस्डा-चेव्ही चेस हायस्कूलच्या वर्गांत संध्याकाळच्या तासिकांनी सुरू झाले. १९५० मध्ये टाकोमा पार्कला, १९६५ मध्ये रॉकव्हिलला आणि १९७८ मध्ये जर्मनटाउनला त्याचे आवार उभे राहिले. त्याचे विश्वस्त राज्यपाल नेमतात, हे खरे. पैसा मात्र तीन वाटांनी येतो : राज्याचे अनुदान, विद्यार्थ्यांची फी आणि काउंटीची तरतूद. त्यांत काउंटीचा वाटा सर्वांत मोठा आहे. काउंटीचे निर्वाचित प्रमुख, म्हणजे काउंटी एक्झिक्युटिव्ह, १५ मार्चपर्यंत अंदाजपत्रक मांडतात, एप्रिलमध्ये जाहीर सुनावण्या होतात, १ जूनच्या आत कौन्सिल, म्हणजे काउंटीचे निर्वाचित सभागृह, ते मंजूर करते आणि १ जुलैला नवे आर्थिक वर्ष सुरू होते. फी किती वाढवायची हे विश्वस्त ठरवतात, पण ती वाढवण्याची वेळ येणार की नाही हे या अडीच महिन्यांत ठरते.

अशाच एका एप्रिलच्या संध्याकाळी मी रॉकव्हिलच्या कौन्सिल सभागृहात बसलो होतो. नर्सिंगची एक विद्यार्थिनी माइकसमोर उभी राहिली. प्रत्येक वक्त्याला मोजून काही मिनिटे मिळतात आणि समोर घड्याळ उलटे चालू असते. तिने कागद घडी घालून बाजूला ठेवला आणि एवढेच सांगितले की, ती दिवसा एका वृद्धाश्रमात काम करते, संध्याकाळचा तास रद्द झाला तर तिचे एक वर्ष वाढते आणि ते वर्ष तिला परवडणारे नाही. समोरच्या सदस्यांपैकी दोघांनी मान वर करून तिला प्रश्न विचारले. कॉलेजच्या कोणत्या तासिका टिकतील याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यापासून ती जेमतेम वीस फुटांवर उभी होती. एवढी जवळीक मी दुसऱ्या तीरावर पाहिलेली नाही.

दुसऱ्या तीरावरचे नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज, ज्याला सगळे 'नोव्हा' म्हणतात, कोणत्याही एका काउंटीचे नाही. १९६४ साली ते तांत्रिक महाविद्यालय म्हणून स्थापन झाले आणि १९६६ मध्ये व्हर्जिनियाने राज्यव्यापी कम्युनिटी कॉलेज व्यवस्था उभारली तेव्हा तिच्यात सामील झाले. आज अ‍ॅनन्डेल, अलेक्झांड्रिया, लाउडन, मनॅसस, वुडब्रिज आणि वैद्यकीय शिक्षणासाठी स्प्रिंगफील्ड अशी त्याची आवारे आहेत. फी राजधानी रिचमंडमधील राज्य मंडळ ठरवते. फेअरफॅक्स, लाउडन, आर्लिंग्टन, प्रिन्स विल्यम या काउंट्या आणि परिसरातील स्वतंत्र शहरे स्थानिक मंडळावर आपले सदस्य नेमतात आणि जागा-बांधकामाच्या खर्चाला तुलनेने किरकोळ हातभार लावतात. फेअरफॅक्सचा कारभार पाहणाऱ्या दहा निर्वाचित सदस्यांच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सपुढे तुम्ही कितीही कळकळीने बोललात, तरी नोव्हाची फी त्यांना कमी करता येत नाही. व्हर्जिनियात स्थानिक संस्थांना राज्याने स्पष्टपणे दिलेले अधिकारच वापरता येतात. माँटगोमेरीने मात्र १९४८ मध्येच आपला कारभार आपणच ठरवण्याची स्वतःची सनद स्वीकारली आहे.

या अंतराचा एक फायदाही आहे आणि तो नजरेआड करू नये. नोव्हात व्हर्जिनियाच्या सर्व रहिवाशांना एकच दर लागतो. आज फेअरफॅक्समधल्या हर्नडनला राहिलात, दोन वर्षांनी लाउडनमधल्या अ‍ॅशबर्नला गेलात, तरी मुलाच्या फीमध्ये एका सेंटचा फरक पडत नाही. माँटगोमेरी कॉलेजात काउंटीच्या रहिवाशांना एक दर, मेरीलँडच्या इतर काउंट्यांतील विद्यार्थ्यांना दुसरा आणि राज्याबाहेरच्यांना तिसरा असतो. काही ठरावीक अभ्यासक्रम वगळता दुसरा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. माँटगोमेरीतल्या क्लार्क्सबर्गमध्ये घर महाग म्हणून काउंटीची हद्द ओलांडून दहा मिनिटांवरच्या अर्बानाला गेलेली अनेक भारतीय कुटुंबे आहेत. अर्बाना फ्रेडरिक काउंटीत येते. तिथल्या मुलाला जर्मनटाउनचे आवार गाडीने जवळ असते, पण बिलावर आकडा दुसऱ्या दराचा येतो. घर पाहताना दलालाला शाळेची हद्द सगळे विचारतात, काउंटीची हद्द कोणी विचारत नाही. स्वतःच्या काउंटीच्या दराने पाहिले, तर दोन्ही कॉलेजांची प्रति क्रेडिट (अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) फी एकमेकींच्या जवळपासच आहे.

कराच्या बाबतीत पुतण्याचा तक्ता बरोबर होता, म्हणून थोडक्यात सांगतो. माँटगोमेरी राज्याच्या आयकरावर आपला स्थानिक आयकर लावते. तो बरीच वर्षे ३.२ टक्के आहे, म्हणजे दोन लाख डॉलर करपात्र उत्पन्नावर ६,४०० डॉलर. व्हर्जिनियातल्या काउंट्या आयकर घेत नाहीत, पण गाडीवर वार्षिक कर घेतात आणि फेअरफॅक्सचा मालमत्ता कर अलीकडे १०० डॉलर मूल्यामागे १ डॉलर १२ सेंटांच्या आसपास आहे. लाउडनचा दर डेटा सेंटरांच्या उत्पन्नामुळे त्याहून बराच कमी आहे. माँटगोमेरीत भरलेल्या आयकराचा काही भाग त्याच काउंटीच्या कॉलेजात खर्च होताना दिसतो, हे मला स्वतःला महत्त्वाचे वाटते. ज्याची मुले दोन वर्षांत राज्याबाहेरच्या विद्यापीठात जाणार आहेत, त्याला तसे वाटण्याचे कारण नाही.

कम्युनिटी कॉलेजनंतरची दोन वर्षे हा या तुलनेचा खरा गाभा आहे. माँटगोमेरीत स्वतःचे मोठे सरकारी विद्यापीठ नाही. मेरीलँड विद्यापीठाचे मुख्य आवार कॉलेज पार्कला, शेजारच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी २००० साली रॉकव्हिलला 'युनिव्हर्सिटीज अ‍ॅट शेडी ग्रोव्ह' उभे राहिले. राज्यातील नऊ सरकारी विद्यापीठे तिथे आपापले निवडक अभ्यासक्रम आणतात आणि पदवी त्या त्या विद्यापीठाचीच मिळते. काउंटीच्या शाळा, माँटगोमेरी कॉलेज आणि शेडी ग्रोव्ह यांनी २०१३ पासून चालवलेला 'एसेस' उपक्रम हायस्कूलपासून पदवीपर्यंत मुलांची सोबत करतो, आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या मुलांना त्याचा मोठा आधार आहे. २०१९ पासून राज्याची 'प्रॉमिस' शिष्यवृत्ती ठरावीक उत्पन्नाखालील कुटुंबांना कम्युनिटी कॉलेजसाठी वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत देते. मुख्य विद्यापीठाची राज्यातील विद्यार्थ्यांसाठीची वार्षिक फी २०२३-२४ साली साडेअकरा हजार डॉलरच्या आसपास होती आणि ते विद्यापीठ घरून ये-जा करण्याइतके जवळ आहे. या दर्जाचे शिक्षण या किमतीत मिळणे सोपे नाही. अडचण एकच आहे, पण मराठी घरांमध्ये ती नेमकी आडवी येते : कॉलेज पार्कला संगणकशास्त्राचे प्रवेश मर्यादित आहेत. कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात ट्रान्सफर मिळाली म्हणजे त्या शाखेतही जागा मिळाली, असे होत नाही.

फेअरफॅक्सकडे जॉर्ज मेसन विद्यापीठ स्वतःच्या अंगणात आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाची १९५७ ची एक विस्तार शाखा, तिच्यासाठी फेअरफॅक्स गावाने विकत घेऊन दिलेली १५० एकर जमीन, आणि १९७२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ, असा त्याचा प्रवास आहे. स्थानिक राजकारणाने उच्च शिक्षणासाठी काय करता येते याचे याहून चांगले उदाहरण मला या परिसरात ठाऊक नाही. २०१८ पासून नोव्हा आणि मेसन मिळून 'अ‍ॅडव्हान्स' हा कार्यक्रम चालवतात. त्यात विद्यार्थी पहिल्या दिवसापासून पुढची शाखा निवडतो आणि कोणते विषय घेतले म्हणजे एकही क्रेडिट वाया जाणार नाही, हे त्याला एकच मार्गदर्शक सांगतो. संगणकशास्त्रासाठी हा मार्ग कॉलेज पार्कपेक्षा मोकळा आहे. मेसनची फी २०२३-२४ साली १४ हजार डॉलरच्या घरात होती. याशिवाय व्हर्जिनिया विद्यापीठ, व्हर्जिनिया टेक आणि विल्यम अँड मेरी यांच्याशी नोव्हाचे हमीप्रवेशाचे करार आहेत. ठरावीक गुण आणि ठरावीक विषय पूर्ण केले की प्रवेश मिळतो, पण तो प्रत्येक शाखेसाठी लागू नसतो, त्यामुळे कराराचा मजकूर ओळीओळीने वाचावा. ही तिन्ही घरापासून दूर आहेत, म्हणजे राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा, आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची फी वीस हजारांच्या वर आहे.

मेसनच्या कारभारावर मात्र रिचमंडची सावली गडद आहे. त्याच्या सोळा सदस्यांच्या नियामक मंडळाची नेमणूक राज्यपाल करतात आणि व्हर्जिनियाच्या राज्यपालाला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता येत नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी मंडळाचा कल बदलू शकतो. २०२५ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या सदस्यांना राज्य सिनेटच्या समितीने नाकारले, वाद न्यायालयात गेला आणि मंडळाच्या गणसंख्येचाच प्रश्न उभा राहिला. त्याच काळात केंद्र सरकारच्या चौकशाही सुरू होत्या. वर्गात बसणाऱ्या मुलाला याची झळ लगेच लागत नाही हे मान्य, पण अध्यक्ष कोण राहणार आणि कशावर खर्च होणार, याची अनिश्चितता वर्षानुवर्षे टिकते. मेरीलँडमध्येही राज्य विद्यापीठांचे नियामक राज्यपालच नेमतात, म्हणून तिथे सगळे शांतच राहील असे मी म्हणणार नाही.

ज्यांना मतदानाचा अधिकार मिळाला आहे किंवा मिळणार आहे, त्यांनी आणखी एक फरक पाहावा. माँटगोमेरीत काउंटीच्या निवडणुका राज्यपालाच्या निवडणुकीबरोबर होतात, २०२२ आणि २०२६ अशा. २०२० मध्ये मतदारांनी कौन्सिलच्या जागा नऊवरून अकरा केल्या. २००६ च्या निवडणुकीपासून कौन्सिलवर फक्त डेमोक्रॅट आहेत, म्हणजे खरी लढत पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच होते आणि त्या फेरीत पक्षाकडे नोंदणी केलेल्यांनाच मत देता येते. काउंटी एक्झिक्युटिव्हपदाची ही फेरी २०१८ मध्ये ७७ मतांनी आणि २०२२ मध्ये अवघ्या ३२ मतांनी ठरली. आपल्या गणेशोत्सवाच्या सभागृहात एका ओळीत याहून जास्त माणसे बसतात. नागरिक झाल्यावर पक्षनोंदणीचा रकाना मोकळा सोडणारे कितीतरी परिचित मला ठाऊक आहेत. आपण तटस्थ आहोत असे त्यांना वाटते, प्रत्यक्षात निर्णायक मत त्यांनी सोडून दिलेले असते. फेअरफॅक्सच्या निवडणुका विषम वर्षांत येतात, २०२३ झाली, पुढची २०२७ ला. व्हर्जिनियात पक्षनोंदणीच नाही, त्यामुळे प्राथमिक फेरीत कोणालाही भाग घेता येतो. माँटगोमेरीतल्याच टाकोमा पार्क शहरात तर नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही १९९० च्या दशकापासून शहराच्या निवडणुकीत मत आहे. शहराचे मत म्हणजे काउंटीचे मत नव्हे, तरी मतपेटीची ओळख तिथून होऊ शकते.

या भागात आपली माणसे राजकारणात दूर राहिली, असेही नाही. १९९० मध्ये माँटगोमेरीतून मेरीलँडच्या विधिमंडळात निवडून आलेले कुमार बर्वे हे अमेरिकेतील कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात पोहोचलेले पहिले भारतीय वंशाचे सदस्य, आणि पुढे ते तिथे बहुमताचे नेतेही झाले.

एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बी व्हिसाधारकावर अवलंबून असलेल्या, मुलांसाठी एक स्वतंत्र सूचना. मूल एकवीस वर्षांचे झाले की हा दर्जा संपतो, बहुतेकदा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याबरोबर रहिवाशाचा दर टिकेलच असे नाही. दोन्ही राज्यांत चार वर्षांच्या विद्यापीठांसाठी साधारण एक वर्षाचा अधिवास मागतात आणि पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाचा अधिवास पालकांवरून ठरतो. मूल एकवीस वर्षांचे होण्याची आणि अधिवासाचे वर्ष पुरे होण्याची, या दोन तारखा कागदावर मांडल्याशिवाय घराची बोलणी पुढे नेऊ नयेत.

मी गेली वीस वर्षे माँटगोमेरीत राहतो आणि इथले कॉलेज मला आपले वाटते. तरीही पुतण्याला मी फेअरफॅक्स सुचवले आहे. थोरल्याला संगणकशास्त्रच हवे आहे आणि त्याच्या हातात तीनच वर्षे आहेत. नोव्हा ते मेसन ही वाट त्याच्यासाठी सर्वांत कमी जोखमीची आहे. घर हर्नडनच्या बाजूला घ्यावे, आणि शक्यतो भाड्याने. धाकटीचा स्वभाव पाहता शेडी ग्रोव्ह किंवा कॉलेज पार्क तिला मानवेल असे मला वाटते, पण थोरल्याची पदवी हातात येईपर्यंत नदी ओलांडायची नाही, नाहीतर त्याचा व्हर्जिनियाचा दर मध्येच जाईल. सगळे वेळेवर झाले तर तोवर धाकटी पंधरा वर्षांची असेल, आणि हाच तक्ता तिच्या नावाने पुन्हा मांडता येईल.