सरकारी दवाखान्यातली व्यसनमुक्ती ओपीडी: उपचार एक नंबर, पण गोळ्या तालुक्याला द्या

दाजींच्या दारूपायी ताईनं काय काय सोसलं ते सगळं इथं लिहीत बसत नाही, पण कुणाच्या घरात असंच चालू असल तर उपयोग व्हावा म्हणून टाकतोय. दवाखान्याचं नाव घेत नाही, आपल्या मराठवाड्यातलाच एका जिल्ह्याचा सरकारी दवाखाना आहे.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच लई आहे. केसपेपरला सुद्धा पैसे लागले नाहीत, 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात उपचार फुकट केलेत. समुपदेशक मॅडमनी दाजींना एकदा पण "सोडत का नाही" म्हणून झापलं नाही, किती पिता, सकाळी उठल्या उठल्या लागते का, पिण्यापायी कुणाला इजा झाली का असे 10 प्रश्न शांतपणे विचारले, मार्क मांडले आणि मग दोन्ही हात समोर धरा म्हणल्या. बोटं नुसती थरथर कापायलेली. डॉक्टरांनी लगेच ॲडमिट करून घेतलं.

हे सगळ्यांनी नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, बडबड सुरू होते, माणूस दगावतो पण. गावात आपण कोंडून ठेवतो, तसं करू नका. इथं थरथर कमी व्हायच्या गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करत नेल्या, आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी व्हिटॅमिन बी-1 चं इंजेक्शन दिलं. दारू सुटावी म्हणून चहात चोरून टाकायच्या गोळ्यांबद्दल ताईनं विचारलं तर डॉक्टर स्पष्ट नाही म्हणले, कारण त्यातलं डायसल्फिराम औषध पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्याला सांगून, त्याच्या मर्जीनंच द्यायची.

आता तक्रार. घरी सोडताना गोळ्या थोड्याच दिवसांच्या देतात, संपल्या की परत जिल्ह्याला या. ताईला एसटीचं अर्धं तिकीट, दाजींना पूर्ण, वर दोघांची रोजी बुडती. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारलं तर ह्या गोळ्या आमच्याकडं येत नाहीत म्हणाले. शुगर-बीपीच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात मिळतात मग ह्याच का नाही? अर्धे पेशंट तर ऊसतोडीचे, एकदा मुकादमाची उचल घेऊन कारखान्याला गेले की पाडव्यापर्यंत इकडं फिरकत नाहीत, त्यांचा उपचार मधीच तुटतो आणि फडावर परत बाटली सुरू होती. टोळी जिथं जाईल तिथल्या दवाखान्यात त्याच केसपेपरवर गोळ्या मिळायला पाहिजेत.

आणि डॉक्टर एकटे काय काय करणार, बाहेर पडलं की चौकात देशीचं दुकान उघडंच. 2025 ला सरकारनं दारूवरचा कर वाढवला ते चांगलंच झालं, महाग झाली की पिणं कमी होतं असं डब्ल्यूएचओ पण सांगते, पण त्याच्यासोबत हातभट्टीवर धाडी पडल्या नाहीत तर लोक तिकडंच वळतील. दारूचं दुकान बंद करायचा आडवी बाटलीचा नियम आहे, 25 टक्के महिलांच्या सह्या आणि मग मतदान, पण दुकान बंद करायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याच्या वर मतं लागतात, फक्त आलेल्यांच्या निम्मी नाही. आमच्याकडं ऐन हंगामात मतदान लावलं तर निम्म्या बाया फडावर, आकडा जमणारच कसा? मतदान टोळ्या परत आल्यावर, उन्हाळ्यात घ्यायचं असं ठरवूनच टाका की.

उपचाराला 5 पैकी 5, गोळ्यांच्या सोयीला 2. जायचं असल तर ओपीडीचा वार आधी विचारून घ्या, आधार कार्ड आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या, आणि घरच्या बाईला सोबत न्याच, मॅडम तिच्याशी वेगळं बसून बोलतात. लगेच जायला जमत नसल तर 14446 वर फोन करा, व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत.