एआरटीत जाऊन आले: सरकारी निर्णयावर दाद मागायच्या ऑस्ट्रेलियातल्या नव्या जागेबद्दल

मेलबर्नमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी विचारतंच, सरकारी पत्र आलंय, पैसे परत मागतायत, किंवा व्हिसा नाकारलाय, आता काय करू. आणि दहा जण लगेच सांगतात भरून टाक, सरकारशी कुठे भांडत बसतेस, उगाच रेकॉर्डवर येशील. मीही तेच केलं असतं खरं तर. पण नाही केलं, एआरटीत गेले, आणि मराठीत याबद्दल मला तेव्हा कुठेच काही सापडलं नव्हतं म्हणून हे सगळं लिहितेय. मोठं आहे, पण पत्र आलेलं असेल तर पूर्ण वाचा.

एआरटी म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल. १४ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. पेन्शन, मुलांसाठीची मदत, एनडीआयएस (अपंगांसाठीची योजना), टॅक्स, व्हिसा, असल्या केंद्र सरकारच्या खात्यांनी तुमच्याबद्दल काही निर्णय घेतला आणि तो चुकलाय असं वाटलं तर तो परत तपासून घ्यायची ही जागा. हे कोर्ट नाही, वकील लागतोच असं नाही. घरमालकाशी भांडण, बिल्डरशी भांडण हे इथे येत नाही, व्हिक्टोरियात त्यासाठी व्हीकॅट हे राज्याचं ट्रिब्युनल आहे, लोक दोन्हीत गल्लत करतात.

माझं प्रकरण साधं होतं. मुलांसाठी मिळणाऱ्या मदतीचा हिशोब वर्षाच्या उत्पन्नाच्या अंदाजावर होतो, नवऱ्याने मध्येच नोकरी बदलली, मधले सात आठवडे पगारच नव्हता, आणि वर्षअखेरीला एका खात्याकडून २,६४० डॉलर परत करा असं पत्र आलं. पत्रात आकडा होता, कारण दीड ओळीचं. आधी त्याच खात्यात वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणी मागावी लागते, ती मागितली, उत्तर आलं निर्णय बरोबर आहे. तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. इथे आमच्या वडिलांची आठवण झाली. सातारा जिल्ह्यात आमच्या जमिनीच्या फेरफाराचं एक प्रकरण होतं, तहसीलदाराने दिलेल्या निकालावर प्रांताकडे अपील, प्रांताच्या निकालावर वर अपील, आणि सगळे एकाच महसूल खात्याचे. बाबा म्हणायचे माणूस बदलतो, खुर्ची तीच राहते. तर एआरटीची पहिली गोष्ट जी मला पटली ती हीच, खुर्ची वेगळी आहे. ज्या खात्याने निर्णय घेतला त्या खात्याचा माणूस निकाल द्यायला बसलेला नसतो.

फॉर्म ऑनलाइन भरला, वीस-पंचवीस मिनिटं लागली. अशा मदतीच्या केसला फी काहीच नाही. दुभाषी हवाय का विचारतात, त्याचेही पैसे नाहीत, सासूबाईंसारख्या माणसाला हे फार मोठं आहे. मग खात्याला तुमच्या निर्णयाची कारणं आणि त्यासंबंधीचे कागद ट्रिब्युनलकडे पाठवावे लागतात, नियमाने २८ दिवसांत, आणि त्याची कॉपी तुम्हालाही मिळते. हा गठ्ठा घरी आला तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की माझ्याबद्दल नेमकं काय लिहून ठेवलंय. नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न एका ओळीत होतं, ते सात आठवडे कुठेच नव्हते.

हिअरिंग व्हिडिओवर घेतलं, मुलं शाळेत असताना, डायनिंग टेबलावर. स्क्रीनवर काळा कोट नाही, एक मेंबर बाई, म्हणजे ट्रिब्युनलतर्फे निकाल देणाऱ्या, त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग म्हणाल्या मी फाइल वाचली आहे, आणि खरंच वाचली होती कारण दुसराच प्रश्न त्या सात आठवड्यांबद्दल होता. मी पेस्लिप लावल्या होत्या पण जुन्या कंपनीने शेवटचा हिशोब उशिरा दिला होता आणि ती रक्कम भलत्याच काळात दिसत होती, हे मी अर्जात लिहिलंच नव्हतं, मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. त्यांनी विचारलं म्हणून बाहेर आलं. पाऊण तास चाललं. मध्ये माझा आवाज भरून आला तेव्हा त्या थांबल्या, पाणी पिऊन या म्हणाल्या.

निकाल पत्राने आला, सहा पानी. १,९०० डॉलरची वसुली रद्द, ७४० राहिले. ते ७४० मी भरले, आणि मनापासून भरले, कारण ते का लागतात हे सोप्या इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि वाचून मला पटलं. इथे मेंबर खात्याच्या जागी उभा राहून सगळा निर्णय नव्याने घेतो, म्हणजे खात्याने प्रोसिजर पाळली का एवढंच बघत नाही तर बरोबर निर्णय कोणता, किंवा दोन बरोबर असतील तर त्यातला जास्त योग्य कोणता, हे ठरवतो. कायम ठेवू शकतो, बदलू शकतो, रद्द करू शकतो, परत खात्याकडे पाठवू शकतो.

आता हे नवीन का आणलं, कारण जुनं होतं की. एएटी, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनल, १९७६ पासून. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल मार्क ड्रेफस यांनी ते बंद करायचं जाहीर केलं, मुख्य कारण नेमणुका. आधीच्या सरकारच्या काळात सरकारच्याच पक्षाचे माजी खासदार, पडलेले उमेदवार, माजी स्टाफ असे लोक मेंबर म्हणून बसवले गेले, ड्रेफस यांनी ८५ पर्यंतचा आकडा सांगितला होता. लाखो रुपयांचा, माफ करा, लाखो डॉलरचा पगार असलेली खुर्ची, आणि तिथे कोणाचं आयुष्य ठरतंय तर निर्वासितांचं, अपंगांचं, पेन्शनरांचं. नव्या कायद्यात मेंबरच्या जागांची जाहिरात द्यावी लागते, पॅनेल छाननी करतं, आणि जुन्या मेंबरांनाही नव्याने अर्ज करावे लागले. अध्यक्ष न्यायमूर्ती एमिलिओस किरू आहेत.

पण मला विचाराल तर नेमणुकांपेक्षाही मोठी गोष्ट दुसरी आहे, आणि ती रोबोडेट नावाच्या सरकारी वसुली योजनेशिवाय समजत नाही. इथे नवीन आलेल्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. २०१५ पासून सेंटरलिंकने, म्हणजे सरकारी मदत देणाऱ्या खात्याने, लोकांच्या वर्षाच्या टॅक्स उत्पन्नाला सरळ २६ पंधरवड्यांनी भागायला सुरुवात केली आणि त्या सरासरीवरून ठरवलं की तुम्ही जास्त मदत घेतली, आता परत द्या, नाहीतर तुम्हीच सिद्ध करा की नाही घेतली. ज्याने सहा महिने काम केलं आणि सहा महिने घरी होता त्याची सरासरी काढून काय उपयोग? कोणाचे टॅक्स रिफंड कापले, वसुली एजन्सीचे फोन गेले, लोक खचले, पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे, म्हणजे रॉयल कमिशनपुढे, आयांनी आपल्या गेलेल्या मुलांबद्दल साक्ष दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हिक्टोरिया लीगल एडने लढवलेल्या एका केसमध्ये फेडरल कोर्टात सरकारने मान्य केलं की ही वसुली कायद्याला धरून नव्हती. मे २०२० मध्ये ७२ कोटी १० लाख डॉलर परत करायचं जाहीर झालं, आणि अगदी सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ४७ कोटी ५० लाख डॉलरची भरपाई मान्य झाली.

आणि हे वाचून मला झोप लागली नव्हती: जुन्या ट्रिब्युनलला हे २०१७ मध्येच कळलं होतं. प्रोफेसर टेरी कार्नी तिथे मेंबर होते, त्यांनी मार्च २०१७ मध्ये लिहून दिलं की नुसत्या सरासरीवरून कर्ज सिद्ध होत नाही, सिद्ध करायची जबाबदारी खात्याची आहे. बरोबर उत्तर, कागदावर, अडीच वर्षं आधी. पण जुन्या ट्रिब्युनलमध्ये दोन पायऱ्या होत्या, आणि कार्नी होते त्या खालच्या पायरीवरचे निर्णय प्रसिद्ध होत नसत. खात्याने त्या निकालावर अपील केलं नाही, अपील केलं असतं तर वरच्या पायरीवर तो जाहीर झाला असता, आणि अपील नाही म्हणून तो त्या एका माणसापुरता राहिला. बाकीच्यांना पत्रं जातच राहिली. कार्नींची मुदत त्याच वर्षी संपली, त्यांची पुन्हा नेमणूक झाली नाही.

म्हणून कॅथरीन होम्स यांच्या रॉयल कमिशनने ७ जुलै २०२३ ला अहवाल दिला त्यातल्या ५७ शिफारशींत हेही होतं की असे महत्त्वाचे निर्णय प्रसिद्ध करा. आणि एआरटीच्या कायद्यात ते आलंय, निर्णयात कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल किंवा सरकारी कारभारावर मोठा परिणाम होणार असेल तर तो प्रसिद्ध करावाच लागतो, माणसाची ओळख झाकून. शिवाय २०१५ मध्ये पैसे बंद करून गुंडाळलेली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू कौन्सिल परत आणलीय, तिचं काम एकेक केस नाही तर त्याच त्याच चुका कुठे होतायत ते शोधणं. माझे ७४० आणि १,९०० कोणाला प्रसिद्ध करायची गरज नाही, पण माझ्यासारख्या दोनशे जणींचे सात आठवडे गायब होत असतील तर ते कोणाच्या तरी नजरेला पडण्याची सोय आता कायद्यात आहे, आणि ही सोय वापरली जातेय का यावर लोकांनी लक्ष ठेवलं पाहिजे.

आता जे पटलं नाही ते. व्हिसाच्या बहुतेक केसची फी २०२५ मध्ये साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होती. जिंकलात तर अर्धी परत, अडचण दाखवली तर अर्धी माफ होऊ शकते, पण तरी पार्टटाइम काम करणाऱ्या विद्यार्थ्याने ही रक्कम आणायची कुठून? जुन्या ट्रिब्युनलकडून वारशात आलेला केसेसचा ढीग आणि त्यावर स्टुडंट व्हिसाच्या केसेसची भर, यामुळे व्हिसावाल्यांची वाट फार लांब आहे. आणि त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने विधेयक आणलं की स्टुडंट व्हिसाच्या केसेस हिअरिंग न घेता फक्त कागदांवर निकालात काढायच्या. ढीग कमी करायला पाहिजे हे मान्य. पण माझी केस कशावर फिरली, मी न लिहिलेल्या गोष्टीवर, जी समोरच्या बाईंनी विचारली म्हणून निघाली. कागदावर काय लिहायचं हे ज्याला आधीच कळतं त्याला हिअरिंगची कमी गरज असते. एकवीस वर्षांचं पोर, इंग्रजी दुसरी भाषा, फॉर्म कुठल्यातरी एजंटने भरलेला, त्याच्याकडून ही एक पाऊण तासाची संधी काढून घेणं मला चुकीचं वाटतं आणि मी आमच्या खासदाराला तसं पत्र लिहिलंय.

अजून एक, काही जण विचारतात की चूक करणाऱ्या अधिकाऱ्याचं काय होतं. एआरटीत काहीच नाही, ते निर्णय दुरुस्त करतं, शिक्षा देत नाही. त्यासाठीच्या जागा वेगळ्या आणि तिथला रोबोडेटचा अनुभव लोकांना फार दुखावून गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये पब्लिक सर्व्हिस कमिशनने सांगितलं की आजी-माजी १२ अधिकाऱ्यांनी मिळून ९७ वेळा आचारसंहिता मोडली. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी आयोगाने, म्हणजे नॅकने, जून २०२४ मध्ये जाहीर केलं की रॉयल कमिशनने पाठवलेल्या सहा जणांची आम्ही चौकशी करणार नाही. लोकांनी शेकड्यांनी तक्रारी केल्या, आयोगावर नजर ठेवणाऱ्या इन्स्पेक्टर गेल फर्नेस यांनी तपासलं, कमिशनर पॉल ब्रेरटन एका संबंधित व्यक्तीला ओळखत असूनही त्या निर्णयातून पुरेसे बाजूला झाले नाहीत असं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, मग हायकोर्टाचे (इथलं सर्वोच्च कोर्ट) माजी न्यायाधीश जेफ्री नेटल यांनी नव्याने बघितलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चौकशी सुरू करायचं ठरलं. म्हणजे पहारेकऱ्यावरही पहारेकरी होता आणि त्याने काम केलं, पण तो हलला तो सामान्य लोकांनी तक्रारी केल्या म्हणून. फॉर्म भरून काय होतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

स्टार द्यायचेच तर मदत, पेन्शन यासाठी पाचपैकी साडेचार. व्हिसासाठी तीन, फी आणि वाट बघण्यामुळे.

जाणार असाल तर तीन-चार गोष्टी. पत्रावरची तारीख आधी बघा. बहुतेक निर्णयांना २८ दिवस मिळतात, सेंटरलिंकच्या बऱ्याच केसमध्ये उशीर झाला तरी जाता येतं पण १३ आठवड्यांनंतर गेलात तर मागचे पैसे पूर्ण मिळत नाहीत. मदतीच्या केसमध्ये खात्यातली फेरतपासणी आधी, ती टाळून थेट जाता येत नाही. पेस्लिप, बँकेचं स्टेटमेंट, नोकरी सोडल्याचं पत्र, सगळं तारखेप्रमाणे लावा. लीगल एड आणि कम्युनिटी लीगल सेंटरचा सल्ला फुकट असतो, मी एकदा फोन केला होता, वीस मिनिटांत त्या ताईंनी माझे चार पानांचे रडगाणे एका पानावर आणले.

व्हिसाच्या बहुतेक केसना मात्र २८ म्हणजे २८, एक दिवस पुढे गेला तर ट्रिब्युनलही वाढवून देऊ शकत नाही, आणि नकाराचा ईमेल आला त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं, तुम्ही कधी उघडला याला अर्थ नाही. हे मागच्या महिन्यात क्लेटनमध्ये राहणाऱ्या नांदेडच्या एका मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला काकू, ईमेल जंकमध्ये होता, मी आठवड्याने बघितला. कॅलेंडर काढलं, मोजलं, नऊ दिवस उरले होते. त्याच संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलावर बसून फॉर्म भरला, फी त्याच्या मामाने नांदेडहून पाठवली, आणि आता तो हिअरिंगच्या तारखेची वाट बघतोय.