एसबीआय मॅक्सगेन गृहकर्ज: पैसा पडून राहत असेल तरच घ्या

स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज. हातातला जादा पैसा कर्जखात्यातच ठेवायचा, तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की नेटबँकिंगने किंवा चेकने परत काढायचा. कल्पना उत्तम आहे, पण ती सगळ्यांच्या कामाची नाही.

याचा दर साध्या गृहकर्जापेक्षा साधारण पाव टक्का जास्त असतो. ५० लाख, २० वर्षं धरा. ८ टक्क्यांनी हप्ता ४१,८२२ रुपये, सव्वाआठने ४२,६०३. त्यामुळे घर परवडावं म्हणून हे कर्ज निवडत असाल तर थांबा. हप्ता उलट वाढतोच.

पाव टक्का म्हणजे ५० लाखांवर वर्षाला १२,५०० रुपये जादा. हातातला जादा पैसा बचत खात्यात ठेवला तर अडीच टक्के मिळतात, इथे सव्वाआठ वाचतात. फरक पावणेसहा टक्क्यांचा. म्हणजे कायम सव्वादोन लाखांच्या आसपास रक्कम पडून असेल तेव्हा कुठे जादा दराची भरपाई होते. तुलना साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीशी केली आणि कर ३० टक्क्यांच्या टप्प्यात (अधिक उपकर) असेल, तर हा आकडा ३ लाख ३० हजारांवर जातो. कर्जाची बाकी उतरत जाईल तसा तोही उतरतो.

खात्याचा उतारा मात्र पहिल्या महिन्यात भल्याभल्यांना गोंधळात टाकतो. वरच्या उदाहरणात पहिल्या हप्त्यात ८,२२८ रुपये मुद्दल आहे. तेवढ्याने ड्रॉइंग पॉवर, म्हणजे पैसे काढण्याची मर्यादा, घटून ४९,९१,७७२ होते. तुम्ही ५ लाख जमा केले तरी ती तशीच राहते. कमी होते ती खात्यावरची बाकी, आणि व्याज रोजच्या बाकीवर लागतं. महिन्याला सुमारे ३,४३७ रुपये वाचतात, पण हप्ता कमी होत नाही. वाचलेलं व्याज खात्यातच साठतं आणि काढता येणारी शिल्लक वाढते. पगार इथे ठेवला तर? १ लाख १५ दिवस राहिले की ३३९ रुपये सुटतात. थेंब आहे, पण दर महिन्याचा.

जुन्या करप्रणालीत असाल तर लक्षात ठेवा: खात्यात ठेवलेली रक्कम ही मुद्दलफेड नव्हे, तिच्यावर मुद्दलफेडीची करवजावट (१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ८०सी) मागू नका. व्याजाच्या वजावटीतही (त्याच कायद्यातलं कलम २४) प्रत्यक्ष लागलेलंच व्याज धरलं जातं, राहत्या घरासाठी कमाल २ लाख.

ज्यांचा धंदा किंवा दवाखाना आहे, ज्यांना मोठा बोनस मिळतो किंवा दोन वर्षांनी मुलांची फी भरायची आहे, अशांना हे कर्ज मनापासून सुचवेन. ज्यांना पैसा परत लागणारच नाही त्यांनी साधं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, कर्ज घेऊन मुदतीआधी फेडावं. वैयक्तिक गृहकर्जावर त्यासाठी दंड नाही. आणि शिल्लक दिसली की खर्च करणाऱ्यांनी मॅक्सगेनच्या वाटेला जाऊच नये.

बाकी शून्यावर आली की त्यापुढे ठेवलेल्या पैशावर काहीच मिळत नाही. तो ठेवीत हलवा. शिवाय बाकी शून्य झाली म्हणून कर्ज आपोआप बंद झालं असं समजू नका. लेखी अर्ज देऊन खातं बंद करा, पोच घ्या. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. बँकेमुळे उशीर झाला तर रोजचे ५,००० रुपये भरपाई मिळते.